कट-ऑफ म्हणजे दाराबाहेरची गर्दी

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका २८ वर्षांची, मूळची मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. सध्या पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरी, हातात ४६,००० रुपये पगार. धाकट्या भावाला एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, ९२ पर्सेंटाइल मिळाले. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत विदर्भातल्या एका शासकीय कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालं. यादीत हा पर्याय चौथा होता. वडिलांना, म्हणजे अण्णांना, ते पसंत नाही. पुण्यातल्या एका नाव असलेल्या खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, कॉम्प्युटरची जागा मिळते आहे : फी वर्षाला २,४०,०००, शिवाय प्रवेशाच्या वेळी चार लाख रोख, बिनपावतीचे. त्यासाठी तीन एकरांतला एक एकर विकायचा, वर सहा लाखांचं कर्ज, आणि कर्जावर सहकर्जदार म्हणून सही बहिणीची. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नव्या विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर कॅपमधूनही मिळेल, पण 'त्याला कट-ऑफच नाही' म्हणून घरात ते कुणी विचारातच घेत नाही. पत्रलेखिकेनं स्वतः तंत्रनिकेतनातून डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवी केली. तिच्या वेळी जमिनीचा विषय निघाला नव्हता. ती विचारते, "नाही म्हटलं तर भावाचं वाटोळं केल्याचा ठपका, हो म्हटलं तर माझाच मला राग. मी जळते आहे का?"

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कर्जाच्या सहीबद्दल दोन ओळी तुला कळवल्या होत्या. प्रवेशाच्या फेऱ्या काही या सदराच्या वारासाठी थांबत नाहीत. बाकीचं आता सविस्तर लिहिते. तू मला 'मॅडम' लिहिलंस. मी तुझ्या आईच्या वयाची, तेव्हा तुला 'तू'च म्हणते.

तुझ्या चार पानांत 'चांगलं कॉलेज' हे शब्द अकरा वेळा आलेत. मोजले मी, पेपर तपासायची खोड जात नाही. चांगलं म्हणजे काय, ते मात्र तू एकदाही सांगितलेलं नाहीस. त्या अकराही ठिकाणी 'चांगलं'च्या जागी 'जिथे सहजासहजी प्रवेश मिळत नाही ते' असं घालून वाचलं. एकही वाक्य बिघडलं नाही. माझ्या मते तुमच्या घरातला घोळ तिथूनच सुरू होतो.

कट-ऑफ म्हणजे एखाद्या शाखेतल्या शेवटच्या जागेवर जो मुलगा बसला त्याचे पर्सेंटाइल. तो आकडा कॉलेज ठरवत नाही. तो ठरतो मुलांनी ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, कसे भरले त्यावरून. आणि फॉर्म भरताना मुलं काय बघतात? मागच्या वर्षीचा कट-ऑफ. म्हणजे गेल्या वर्षी रांग होती म्हणून यंदा रांग, यंदा रांग आहे म्हणून पुढच्या वर्षीही. कॉलेज पुण्यात आहे, आयटी कंपन्यांची हिंजवडी जवळ आहे, मामाच्या घरून बस मिळते, अशा कारणांनीही तो चढतो. दाराबाहेर किती गर्दी आहे ते कट-ऑफ सांगतो. आत शिक्षक किती, यंत्रं चालू आहेत की झाकलेली, हे त्यातून कळत नाही.

तो खोटा असतो असं मी म्हणत नाही. पुण्याचं सीओईपी १८५४चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७चं, दोन्ही जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं. तिथे गर्दी आहे ती शंभरावर वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांमुळे, सरकारनं इतकी वर्षं ओतलेल्या पैशामुळे, दारात येणाऱ्या कंपन्यांमुळे. तिथे आत काहीतरी आहे म्हणून बाहेर रांग लागते. पण ते गणित उलटं फिरवून 'रांग आहे म्हणजे आत काहीतरी असणारच' म्हणता येत नाही. आणि तुमच्यापुढे आलेली जागा तर रांगेतली नाहीच. ती बाजूच्या दारातली आहे.

एक बारीकशी गोष्ट, कारण घराघरात ही गफलत होते. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के मार्क नव्हेत. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला तीन लाखांहून जास्त मुलं बसतात, त्यातली शंभरातली आठ तुझ्या भावाच्या पुढे आहेत. म्हणजे निदान चोवीस हजार. त्याचा अर्थ तो कच्चा आहे असा होत नाही. पुढच्या चोवीस हजारांना पुरतील इतक्या जागा आपल्याच राज्यात जुन्या, पैशानं भक्कम कॉलेजांत नाहीत, एवढाच होतो.

आता अण्णांचं वाक्य. तू ते जरा रागानं लिहिलंयस : "मेरिटवाल्या पोरांना सरकार सगळं देतं, आपल्या पोराला कोण देणार? आपणच द्यायचं." त्यातला पहिला अर्धा भाग पूर्ण बरोबर आहे, आणि हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातल्या २३ आयआयटींसाठी ११,००० कोटींहून अधिक रकमेची तरतूद होती, एका वर्षासाठी. देशभरातल्या राज्य विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना सावरायला केंद्रानं २०२३ मध्ये 'पीएम-उषा' योजना आणली, तिचा आकडा सुमारे १२,९०० कोटी, तीन वर्षांसाठी. एकीकडे वर्षाला अठरा हजारांच्या आसपास नव्या मुलांना घेणाऱ्या संस्था, दुसरीकडे ज्यांच्यात लाखो मुलं शिकतात अशी विद्यापीठं. राज्य विद्यापीठांना पगारासाठी राज्याचे पैसे मिळतात हे खरं, पण कित्येक विभाग आज तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चाललेत.

आणि आयआयटीच्या दारापर्यंत पोचलेल्यांत दोन-दोन वर्षं कोटा किंवा लातूरच्या क्लासची फी भरू शकणाऱ्या घरांतली मुलं किती असतात ते तुला ठाऊक आहे. ज्यानं आधीच खर्च केला त्याच्यावर सरकारही जास्त खर्च करतं. शिवाय तिथे कुटुंबाचं उत्पन्न लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. ही सवलत असायलाच हवी. पण तशाच घरातला जो मुलगा चोवीस हजारांच्या मागे राहिला, त्याच्या वाट्याला बापाचा सातबारा येतो. शिक्षण महाग होतं ते रांगेत मागे असलेल्यांसाठी. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून खुपत आलंय आणि अजून खुपतं.

हे सगळं ठरवून कुणी केलं असंही नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा आपली मुलं देणग्या भरून कर्नाटकात जात होती. ती इथेच शिकावीत, सरकारकडे तर पैसे नाहीत, असा तो विचार. 'विनाअनुदानित' हा शब्द इतका रुळला की त्याचा अर्थ आपण ऐकतच नाही. सरकारचा पैसा नाही, म्हणजे पगार, इमारत, वीज, प्रयोगशाळा सगळं तुझ्या भावाच्या फीमधून. फी शिक्षणावर खर्च झाली तर कॉलेज उभं राहतं, आणि अशी नेटकी चाललेली खासगी कॉलेजं मी पाहिली आहेत. नाही झाली तर काय होतं, तेही पाहिलंय.

माझी शिकवण्याची पहिली नऊ वर्षं एका विनाअनुदानित कॉलेजात गेली. तपासणी समिती येणार होती त्याच्या आदल्या रात्री संस्थेच्या दुसऱ्या गावच्या कॉलेजातून एक टेम्पो आला. त्यातून सात ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारी यंत्रं, उतरले. रात्री साडेदहाला मी आणि लॅब असिस्टंट त्यांच्यावर आमच्या विभागाची लेबलं चिकटवत बसलो होतो. डिंक ओला म्हणून पंखा लावून ठेवलेला. समिती आली, मोजून गेली. तिसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. मधल्या दिवशी एका मुलानं विचारलं होतं, "मॅडम, आज हे चालू करायचे का?" मी म्हटलं, कर. त्या बॅचनं त्या एका दिवसात सहा प्रयोग उरकले. पुढचं सगळं वर्ष मुलांनी आदल्या बॅचच्या जर्नलवरून रीडिंग उतरवली. त्या वर्षी आमचा कट-ऑफ वाढला होता.

तेव्हा अण्णांच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी माझं जमत नाही. 'सरकार देत नाही म्हणून आपण द्यायचं' हे खरं मानलं, तरी आपण दिलेलं मुलाच्या शिकण्यापर्यंत पोचतंय का, हे बघायला नको? वर्षाचे २,४०,००० निदान कॉलेजच्या वहीत तरी येतील. रोख चार लाख कुठल्याच वहीत येणार नाहीत. त्यातून शिक्षक नेमला जाणार नाही, यंत्रही येणार नाही. महाराष्ट्रात १९८७पासून असे पैसे घेणं हा कायद्यानं गुन्हा आहे. आणि साधा व्यवहार बघ : पोरगं महिन्याभरात आजारी पडलं, किंवा पुढच्या फेरीत दुसरीकडे नंबर लागला, तर हे पैसे परत कुणाकडे मागणार? कॅपमधून घेतलेला प्रवेश मुदतीत रद्द केला तर हजार रुपये प्रक्रिया शुल्क कापून फी परत मिळते. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही. रोखीला यातलं कुठलंच संरक्षण नाही. या एका गोष्टीवर माझं मत घरातल्या कुणासाठीही बदलणार नाही : चार लाख द्यायचे नाहीत. पुढची सगळी चर्चा ते वगळून.

मॅनेजमेंट कोट्याचा आणखी एक खर्च कुणी मोजत नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. ट्यूशन फी वेव्हरच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, पाच टक्के जागाही कॅपमधूनच भरतात. त्यांचा कट-ऑफ वर असतो, तरी यादीत तो पर्याय टाकायला पैसे पडत नाहीत. मुलीच्या प्रवेशासाठी हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : २०२४च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट तीच, प्रवेश कॅपचा. वसतिगृह, मेस आणि विकास शुल्क यात येत नाही, म्हणून 'फुकट' या शब्दावर विसंबून घरातून निघू नये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. सुविधा केंद्राच्या रांगेत प्लास्टिकची फाइल छातीशी धरून रडकुंडीला आलेले बाप मी दर वर्षी पाहिलेत, आणि बहुतेकांचा एखादाच कागद कमी असायचा.

आत काय आहे ते बाहेरून कसं बघायचं? वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला, तिथे दिलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. क्रमांकाकडे बघू नकोस, ती पीडीएफ उघड. पदवी घेऊन किती मुलं बाहेर पडली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि पगाराचा मध्यक किती. मध्यक म्हणजे ओळीनं उभं केल्यावर मधोमध असलेल्या मुलाचा पगार. दरवाजावरच्या फ्लेक्सवर असतो तो सर्वांत मोठा पगार, एका मुलाचा. त्याच पीडीएफमध्ये ग्रंथालय आणि प्रयोगशाळेच्या साधनांवर दर वर्षी किती खर्च केला तेही असतं. तीन वर्षांचा खर्च विद्यार्थिसंख्येनं भाग. तो आकडा बघून कधीकधी मोठमोठी नावं एकदम लहान होतात.

दुसरं, शिक्षक. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमानं वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. २०२४-२५पासून चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांना शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा उरलेली नाही, आणि सगळ्यांची ओढ कॉम्प्युटरकडे. वर्षाला २४० मुलं घेणाऱ्या शाखेत चार वर्षांची ९६० होतात, म्हणजे साधारण ४८ शिक्षक. वेबसाइटवरची यादी मोज, नंतर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून विचार की यातले शिकवायला येतात कोण कोण. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्था; नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, एनबीएचं मानांकन शाखेचं. तुमच्या शाखेला एनबीएचं आहे का ते बघायचं. फीचं म्हणशील, तर शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेला आकडा जाहीर असतो. काउंटरवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघावा.

हे तिन्ही कॉलेजांना लाव, शासकीयलाही. त्याला मी आंधळेपणानं सलाम करणार नाही. शासकीय कॉलेजांत वर्षानुवर्षं रिक्त राहिलेल्या जागा आहेत, आणि चाळीस वर्षांपूर्वीची यंत्रं आहेत. फरक एवढाच की ते चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र तिथे असतं, टेम्पोतून जात नाही. फी कमी, वसतिगृह स्वस्त. तुझ्या भावानं तिथल्या दोन मुलांशी फोनवर बोलावं, आणि 'कॉलेज कसं आहे' विचारू नये, त्याला 'मस्त' हेच उत्तर मिळतं. विचारावं, 'मशीन लॅबला एका मोटरभोवती किती जण उभे राहता?' जिल्ह्याच्या ठिकाणचं नवं कॉलेजही तुम्ही न बघता खोडलंय. कट-ऑफ नाही हा त्याचा दोष ठरत नाही. शिक्षक नसतील तर मात्र ठरेल. जाऊन या एकदा, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत.

अण्णांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी तुझी वकील होईन. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं साध्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई त्यांनी नामांकित कॉलेजात गेलेल्या त्यांच्याच तोडीच्या मुलांशी ताडून पाहिली. फारसा फरक निघाला नाही. पण गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजाचा खरोखर फायदा झालेला दिसला. समजण्यासारखं आहे. ज्याच्या घरात ओळखी आहेत त्याला कॉलेजच्या ओळखींची गरज नाही. ज्याच्या घरात कुणीच नाही त्याला वर्गमित्र, सीनियर, कंपनीचा माणूस हे सगळं कॉलेजमध्येच मिळतं. अण्णांना हे अभ्यासाशिवाय कळलंय. पुण्यात चार वर्षं राहिलेल्या मुलाचं बोलणं-चालणं बदलतं हे त्यांनी पाहिलंय, कदाचित तुझ्याकडे बघूनच. त्यांची ओढ मूर्खपणाची नाही. किंमत मात्र त्यांनी एका एकराची लावली आहे, आणि तीही अर्धवट हिशेबावर.

तो हिशेब पुरा करू. चार वर्षांची फी ९,६०,०००. खोली, मेस, प्रवास कमीत कमी आठ हजार महिना धर, पावणेचार लाखांच्या वर जातात. म्हणजे रोख चार लाख वगळूनही जवळजवळ साडेतेरा लाख, तेही फी दर वर्षी वाढणार नाही असं धरून. सहा लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता दहा हजारांच्या आसपास. त्याला नोकरी उशिरा लागली तर बँकेचा फोन सहकर्जदाराला येतो. ४६,००० पगारातून पुण्याचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे आणि हा हप्ता, असं एकदा कागदावर मांडून अण्णांसमोर ठेव. आवाज न चढवता.

कर्ज वाईट नसतं. कॅपमधून प्रवेश घेतलात तर शासकीय कॉलेजासाठी लहान कर्ज पुरेल. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थांतल्या व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावरचं, शिकत असतानाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. २०२४च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं, पण गुणवत्तेवर झालेल्या प्रवेशांना आणि एनआयआरएफच्या क्रमवारीवरून ठरवलेल्या संस्थांतच. पुन्हा तेच बघ : जे रांगेत पुढे, त्यांनाच स्वस्त कर्ज.

फेऱ्यांबद्दल. त्याला चौथा पर्याय मिळालाय, तेव्हा जागा स्वीकारून बेटरमेंटची वाट उघडी ठेवता येते. वरचं मिळालं तर हे सुटतं, नाही मिळालं तर हे हातात राहतं. नियम दर वर्षी थोडे बदलतात, यंदाची माहितीपुस्तिका दोघांनी बसून वाचा, सायबर कॅफेवाल्याच्या तोंडून नको. यादी मनातल्या खऱ्या क्रमानं लावा. 'अवघड कॉलेज वर टाकलं तर खालचं हातचं जातं' हे खोटं आहे, जागा गुणवत्ता आणि पसंती यांवरच मिळते. फक्त वरच्या नंबरांना तेच टाका जिथे नक्की जायचं आहे, कारण पहिल्या फेरीत पहिली आणि नंतरच्या फेऱ्यांत वरच्या काही पसंतींपैकी एखादी मिळाली की पुढच्या फेरीची वाट बंद; किती ते पुस्तिकेत बघा.

आता जळण्याचं. तू कॉलेजच्या प्रश्नाखाली तुझा प्रश्न दडवून पाठवलास, तो मला वाचता आला. तू डिप्लोमा केलास, थेट दुसऱ्या वर्षाला गेलीस, आणि तुझ्या वेळी कुणी सातबारा बाहेर काढला नाही. आजच्या मुलींना असलेली फीमाफी तेव्हा नव्हती. हे दुखणं आहे, आणि ते खरं आहे. याला मी मत्सर म्हणत नाही. हिशेब थकलाय तुझा. पण तो भावाच्या प्रवेशात वसूल करू नकोस. 'ते कॉलेज वाईट आहे' म्हणशील तेव्हा आतून 'मला का नाही' असं ऐकू येईल, आणि घरातले तेच ऐकतील. दोन्ही बोलणी वेगळ्या दिवशी कर. तुझ्या वेळचं अण्णांशी बोल, एकटीनं, भावासमोर नको.

आणि जमिनीचं एक विसरू नकोस. ती वडिलोपार्जित असेल तर त्यात तुझाही हिस्सा आहे. महाराष्ट्रात १९९४पासून आणि देशभर २००५पासून मुलगी जन्मानंच वाटेकरी आहे. भांडायला जा म्हणून हे सांगत नाही. तुझ्या पत्रात तू स्वतःला सही करणारी समजतेस, विचारलं जाणारी समजत नाहीस, म्हणून सांगते. वकिलाकडून सातबारा आणि फेरफार एकदा बघून घे.

राहता राहिला तुझा भाऊ. चार पानांत त्याच्याबद्दल दोनच वाक्यं आहेत. एक, "तो काही बोलत नाही." दुसरं, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर तोच दुरुस्त करतो. यावरून लगेच 'मग इलेक्ट्रिकलच त्याचं' असं ठरवू नकोस; इलेक्ट्रिकलचं दुसरं वर्ष म्हणजे बरंचसं गणित असतं आणि स्टार्टरच्या स्क्रूशी त्याचा संबंध यायला वेळ लागतो. कॉम्प्युटरची आवड असेल तर पुष्कळ कॉलेजांत आता मायनर पदवी म्हणून, म्हणजे मुख्य शाखेच्या जोडीला, ते विषय जोडून घेता येतात, त्या कॉलेजात आहे का ते विचारा. पण आधी त्याला काय वाटतं ते विचार. अण्णा समोर असताना तो बोलणार नाही. रविवारी गावी जाशील तेव्हा विहिरीवर त्याच्याबरोबर जा, दोन्ही अभ्यासक्रमांचे दुसऱ्या वर्षाचे विषय छापून ने आणि त्याच्या हातात दे. वाचू दे सावकाश. तू मध्ये बोलू नकोस.